मागच्या चाकाचा नट : किती आवळायचा आणि कशाने?

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझं शिक्षण केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. मराठी आकड्यांचं तर विचारूच नका! फर्स्ट इयरला वर्कशॉपच्या मामांनी "बावीसचा पाना आण" म्हटलं आणि मी बत्तीसचा घेऊन गेलो. मामा पान्याकडे बघून म्हणाले, "बाहेर ट्रॅक्टर उभा केलायस काय?" त्या दिवसापासून निदान पान्यांचे आकडे तरी मी मराठीत पाठ केले.

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी चक्कर मारा. कोणी ना कोणी गाडी मेन स्टँडवर लावून चेन आवळत बसलेला असतो. चेन आवळायची म्हणजे मागच्या चाकाच्या स्पिंडलचा नट ढिला करायचा, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर फिरवायचे आणि नट परत घट्ट करायचा. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना जमतात. तिसरी आपण सगळे अंदाजाने करतो. मी ती दोन्ही बाजूंनी चुकवलेली आहे, म्हणून लिहायचा थोडा अधिकार आहे असं समजतो.

पहिली चूक सेकंड इयरमधली. स्वतःची गाडी, रिंग पाना, आणि पान्याच्या दांडीवर चढवलेली जुन्या कॉटची दोन फुटी नळी. हाताने ओढून समाधान होईना म्हणून मी चक्क नळीवर उभा राहिलो. आधी 'कट्' असा आवाज आला आणि मग नट एकदम मऊ लागायला लागला. आटे गेले होते, नटाचेही आणि स्पिंडलचेही. नवीन स्पिंडल घ्यावा लागला आणि त्या महिन्यात मेसशिवाय दुसरीकडे जेवायची सोय उरली नाही. मामा एवढंच म्हणाले, "पाना माणसाने ओढायचा असतो रे, त्याच्यावर माणूस ठेवायचा नसतो."

दुसरी चूक या पहिलीच्या भीतीतून झाली आणि ती जास्त वाईट होती. थर्ड इयरला रूममेटच्या गाडीची चेन मीच आवळून दिली. या वेळी आटे जाऊ नयेत म्हणून टूलकिटमधला छोटा स्क्रू पाना घेतला आणि 'आता बास' असं मनाला वाटेपर्यंत फिरवला. दोन दिवसांनी आम्ही दोघं त्याच गाडीवर चिपळूणला निघालो. कोयनानगर मागे पडलं, कुंभार्ली घाट उतरायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर मागून गाडी लडबडायला लागली. रूममेट मागे बसला होता. तो म्हणाला, "अरे पंक्चर झालंय का बघ." बाजूला घेऊन बघितलं तर चाकात हवा ठणठणीत. नटाला हात लावला, तर तो बोटांनी फिरला! आणखी थोडा फिरला असता तर निखळूनच पडला असता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मग तो म्हणाला, "तू आवळला होतास ना?" मी हो म्हणालो. यावर तो काहीच बोलला नाही, ते मला जास्त लागलं.

परत आल्यावर पहिल्यांदा मी डिझाइनचं पुस्तक परीक्षा नसताना उघडलं.

आपल्याला वाटतं नट म्हणजे नुसतं बूच, स्पिंडल बाहेर येऊ नये म्हणून लावलेलं. तसं नाही. नट आवळला की स्पिंडल रबरासारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे स्विंग आर्मचे दोन्ही पाय, मधले स्पेसर आणि बेअरिंगच्या आतल्या रिंगा एकमेकांवर दाबून धरल्या जातात. चाक जागेवर राहतं ते या दाबामुळे होणाऱ्या घर्षणाने. ॲडजस्टरचं काम फक्त जागा ठरवण्याचं. त्याचा बारीक बोल्ट इंजिनाची रोजची ओढ एकट्याने सोसायला दिलेलाच नाही. ताण कमी पडला की सांधे सूक्ष्म सरकायला लागतात आणि अशा सरकण्याने नट स्वतःहून सुटत जातो. आमचं घाटात तेच झालं होतं.

आता गणित. पुस्तकातलं सोपं सूत्र असं : टॉर्क = गुणांक × आट्यांचा व्यास × ताण. कोरड्या आट्यांसाठी गुणांक साधारण ०.२ धरतात. समजा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ७० न्यूटन-मीटर लिहिलंय आणि स्पिंडल १४ मिलिमीटरचा आहे. मग ताण येतो २५,००० न्यूटन, म्हणजे अडीच टनांच्या आसपास! एवढ्याशा नटात एवढा ताण असतो हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. गंमत म्हणजे आपण लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा नटाच्या बुडाशी घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि ताणासाठी उरतो जेमतेम दहा टक्के. म्हणून आट्यांना तेल लावलं तर सगळा हिशेब बदलतो. गुणांक ०.१५ झाला की त्याच ७० ला ताण ३३,००० वर जातो. स्पिंडलच्या दांड्याला ग्रीस जरूर लावा, पण आट्यांना काय लावायचं ते पुस्तिका सांगेल तसंच.

याच गणितात माझ्या दोन्ही चुका बसवून बघितल्या. माझं वजन ६२ किलो, नळी ६० सेंटिमीटर : टॉर्क ३६५, म्हणजे पाहिजे त्याच्या सव्वापाचपट. स्क्रू पाना धरला १२ सेंटिमीटरवर आणि हाताची ओढ २० किलो : टॉर्क जेमतेम २४, म्हणजे एक तृतीयांश. आणि दोन्ही वेळा माझ्या हाताला 'बरोबर' वाटलं होतं.

आता हत्यारं. स्क्रू पाना या कामाला नकोच. त्याचा जबडा थोडा तरी हलतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. पक्कड तर लांबच ठेवा. फिक्स पाना दोनच बाजू धरतो, अडचणीत चालेल. रिंग पाना चांगला. सगळ्यात चांगला बॉक्स पाना, त्यातही आतून सहा कोनांचा, कारण तो नटाच्या सपाट बाजूंवर बसतो. बारा कोनांचा पटकन बसतो, पण जोर लावल्यावर घसरायची शक्यता जास्त. आणि पाने दोन लागतात! एकाने स्पिंडलचं डोकं धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. आपल्याकडच्या बऱ्याच १०० सीसी गाड्यांना चेनच्या बाजूला आणखी एक स्लीव्ह नट असतो, तोही ढिला करावा लागतो आणि परत आवळावा लागतो. तो विसरणारे मी या हॉस्टेलमध्येच तीन पाहिलेत, नावं सांगत नाही.

खरं हत्यार म्हणजे टॉर्क रेंच. याचं श्रेय कॉनराड बार यांना देतात. १९१८ साली न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करताना पाइपांचे बोल्ट जास्त आवळले जाऊ नयेत म्हणून त्यांनी तो बनवला. आपल्या वर्कशॉपमध्ये दोन प्रकारचे आहेत. काट्याच्या रेंचमध्ये दांडा वाकतो आणि काटा आकडा दाखवतो. दिसायला गरीब, पण बिघडण्यासारखं त्यात काही नाही. क्लिकवाल्यात आकडा आधी लावायचा, मुठीच्या मध्यावर धरून सावकाश ओढायचं आणि 'टक्' झालं की थांबायचं. खात्रीसाठी परत परत टक्-टक् करू नका, दर वेळी नट थोडा पुढे जाऊ शकतो. काम झालं की आकडा सगळ्यात खाली आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दबलेली राहते. आणि त्याने नट सोडवू नका. मामांसमोर तर नकोच नको!

टॉर्क रेंच नसेल तर? आमच्या रूममध्ये एक जुगाड आहे. सामान मोजायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या. रिंग पाना नटावर बसवा, नटाच्या मध्यापासून मोजून २५ सेंटिमीटरवर दोरी पक्की बांधा, तिला काटा अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. ७० न्यूटन-मीटरसाठी काट्यावर २८.५ किलो दिसले पाहिजेत. काटकोन महत्त्वाचा : ६० अंशांत ओढलं तर त्याच २८.५ ला टॉर्क ६० च्या आसपासच येतो. काट्यावर विश्वास नसेल तर एक-एक लिटर पाण्याच्या दहा बाटल्या पिशवीत घालून मोजून बघा. ७० हा आकडा मात्र माझ्या उदाहरणातला आहे. तुमच्या गाडीचा तिच्याच पुस्तिकेतून घ्या. जुन्या पुस्तिकेत किलोग्रॅम-मीटर असेल तर ९.८१ ने गुणा.

शेवटचं आवळण्याआधी एक युक्ती. चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मधे फडक्याची घडी ठेवून चाक हाताने थोडं उलटं फिरवा. घडी चेपली की चाक पुढे ओढलं जाऊन ॲडजस्टरला टेकतं, मग नट आवळा. बोटं लांब ठेवा, इंजिन अर्थातच बंद. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, चेनची ढील सगळ्यात ताठ जागी पुस्तिकेप्रमाणे आहे ना, ड्रम ब्रेकच्या पेडलचा खेळ बदलला नाही ना, हे नट आवळल्यानंतर परत बघायचं. खाचांचा नट असेल आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे आणू नका, पुढच्या खाचेपर्यंत आवळा. पिन मात्र दर वेळी नवीन. दोन-चार रुपयांसाठी जुनीच सरळ करून घालणारे हुशार लोक आपल्यात आहेत.

रूममेट आता परत माझ्याकडूनच चेन आवळून घेतो. फक्त काट्यावरचा आकडा तो स्वतः वाकून वाचतो आणि मोठ्याने म्हणतो, "साडेअठ्ठावीस". मला अजून तो शब्द ऐकून एक सेकंद विचार करावा लागतो. काटा रूममध्ये दाराच्या मागे खिळ्याला असतो. कोणाला पाहिजे असेल तर घेऊन जा, फक्त सुट्टीत घरी जायच्या आदल्या दिवशी मागू नका.