ध्येय आणि जमाखर्च

चि. बाळ यास,


तुझे पत्र आणि त्यापाठोपाठ ताईचे पत्र, अशी दोन्ही पोचली. कचेरीतील कायमच्या जागेचा राजीनामा द्यावा आणि आपल्या पंचक्रोशीतील वाड्यावस्त्यांवरच्या मुलांसाठी तालुक्याच्या गावी वसतिगृह काढावे, हा तुझा मनोदय तुझ्या पत्रात जितक्या उत्साहाने उतरला आहे, तितक्याच काळजीने तो ताईच्या पत्रात उतरला आहे. आणि शेवटी दोघांनीही फैसला माझ्यावर सोपविला आहे. तो देण्यापूर्वी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगतो. तुझा हा संकल्प मला मुळीच खुळेपणाचा वाटत नाही. सातवी झाल्यावर केवळ राहण्याची सोय नाही म्हणून ज्या मुलांचे शिक्षण खुंटते, त्यांच्याविषयी तुझ्या वयाच्या मनुष्याचे चित्त कळवळावे, हे आपल्या कुळाला भूषणच आहे.

परंतु तुझ्या पत्रातील एक वाक्य मला खटकले. 'व्यवहार पाहत बसणाऱ्याच्या हातून कधी मोठे कार्य होत नाही,' असे तू लिहिले आहेस. हा समज तरुणांमध्ये फार रूढ आहे आणि त्याच्या नेमका उलट समज, म्हणजे ध्येयाच्या नादी लागणारा संसाराची धूळधाण करतो हा, वडीलधाऱ्यांमध्ये तितकाच रूढ आहे. दोन्ही पक्ष ध्येय आणि व्यवहार यांना परस्परांचे वैरी मानून चालतात. मात्र महाराष्ट्रात ज्यांनी खरोखर काही उभे केले, त्यांची चरित्रे बारकाईने पाहिली तर या वैराचा तेथे मागमूस दिसत नाही.

महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे चरित्र आपण शाळेत असे शिकतो की, जणू एका शुभदिनी त्यांना साक्षात्कार झाला आणि हिंगण्याच्या माळावर संस्था उभी राहिली. वस्तुस्थिती फार निराळी आहे. १८९१ साली ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. १८९३ साली त्यांनी स्वतः एका विधवेशी विवाह केला आणि त्यापायी मुरूडच्या आपल्याच माणसांचा बहिष्कार सोसला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. आणि एवढे सारे चालू असताना, १९१४ साली निवृत्त होईपर्यंत, त्यांनी आपली अध्यापकी सोडली नाही. १९०० साली आश्रम हिंगण्यास एका झोपडीत गेला, तेव्हा दिवसभर वर्गात गणित शिकवावे, नंतर चिखलाची वाट तुडवीत पायी हिंगणे गाठावे, तेथील मुलींचे शिक्षण व व्यवस्था पाहावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गावर रुजू व्हावे, असा त्यांचा क्रम होता. पुनर्विवाहाच्या प्रचारास समाज अजून अनुकूल नाही, परंतु विधवांच्या शिक्षणास तितका प्रखर विरोध होणार नाही, हे ओळखून त्यांनी आपली बहुतेक शक्ती शिक्षणाकडे वळविली. विधवांचे जिणे सुसह्य व्हावे हे साध्य त्यांनी तसूभरही ढळू दिले नाही. मार्ग मात्र परिस्थिती पाहून निवडला. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले आणि त्याला विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लक्ष रुपयांची देणगी मिळाली ती १९२० साली, म्हणजे आश्रम निघाल्यापासून चोवीस वर्षांनी. त्या चोवीस वर्षांत दारोदार फिरून गोळा केलेल्या लहानसहान वर्गण्यांचा चोख हिशेब ज्याने ठेवला, त्याच्यावरच एवढ्या मोठ्या रकमेचा विश्वास टाकता येतो.

दुसरे उदाहरण तुझ्या संकल्पाच्या अधिक जवळचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. त्यापूर्वी त्यांनी शिकवण्या केल्या होत्या, किर्लोस्करांचे नांगर गावोगाव खपविले होते. शेतकऱ्याच्या घरात काय शिजते आणि त्याच्या हाती पैसा वर्षाच्या कोणत्या महिन्यात येतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणूनच वसतिगृहासाठी रोख वर्गणीबरोबर मूठमूठ धान्य मागण्याचे त्यांना सुचले, आणि मुलांनी स्वतः श्रम करून आपल्या शिक्षणाचा भार उचलावा, हे तत्त्व त्यांनी संस्थेच्या पायातच घातले. सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसवून जेवू घालणे हे त्यांचे ध्येय होते. त्या पंक्तीला दोन्ही वेळा भाकरी कोठून येणार याचा विचार हाही त्या ध्येयाचाच भाग होता.

याच ठिकाणी एक नाव मी मुद्दाम घेतो, ते लक्ष्मीबाई पाटील यांचे. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा या माउलीने अंगावरचे दागिने दिले, आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. या त्यागाचे गुणगान करताना आपण एक गोष्ट विसरतो, ती ही की, कोणत्याही ध्येयाची किंमत ध्येयवादी पुरुष एकटा कधीच देत नाही. ती त्याच्या घरातली माणसेही देत असतात. लक्ष्मीबाईंनी ती स्वखुशीने दिली, कारण त्या मुलांना त्यांनी पोटची मुले मानले होते. तुझ्या पत्राच्या चार पानांत ताईचा उल्लेख एकदाच आहे आणि सूनबाईचा एकदाही नाही. घरावरील कर्जाचे हप्ते अजून फिटायचे आहेत आणि धाकटीचे शिक्षण पुरे व्हायचे आहे, हे ताईने लिहिले म्हणून मला समजले. ज्यांच्या ताटातील अन्न तू आपल्या ध्येयासाठी मागणार आहेस, त्यांची संमती आधी मागणे ही केवळ सोय नव्हे, ती नीती आहे.

सारा व्यवहार सांभाळला की यश हमखास मिळते, असे मात्र मी तुला सांगणार नाही, कारण ते खरे नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आले आणि मराठीत ज्ञानकोश करण्याचा विडा त्यांनी उचलला. त्यासाठी त्यांनी रीतसर लिमिटेड मंडळी स्थापिली, भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळविले आणि तेवीस खंड पुरे करून दाखविले. तरी १९३७ साली त्यांचा अंत झाला तो विपन्नावस्थेतच. योजना नीट आखली म्हणजे कार्य तडीस जाण्याचा संभव वाढतो. कर्त्याच्या वाट्याला सुख येईलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. हे ठाऊक असूनही ज्याला ते कार्य करावेसे वाटते, त्याचेच ध्येय खरे.

तेव्हा आता स्वतःला एक प्रश्न विचार. वसतिगृहाच्या उद्‌घाटनाचे चित्र तुझ्या डोळ्यांपुढे आहे. परंतु पहाटे उठून पाण्याची टाकी पाहणे, वाण्याचा तगादा ऐकून घेणे, ताप आलेल्या मुलाच्या उशाशी रात्र काढणे, पालकांची समजूत घालणे आणि रात्री निजण्यापूर्वी रोजकीर्द लिहिणे, हे वर्षानुवर्षे तुला आवडेल काय? पाया ज्याप्रमाणे जमिनीत गाडला जातो आणि त्याकडे कोणी पाहत नाही, त्याप्रमाणे संस्थेचे नव्वद टक्के काम असेच नजरेआड होणारे असते. त्या कामावर प्रेम बसले तरच संस्थेवर प्रेम बसले असे समजावे.

माझा फैसला असा. राजीनामा तूर्त देऊ नकोस आणि संकल्पही सोडू नकोस. येत्या जूनपासून तालुक्याच्या गावी दोन खोल्या भाड्याने घे आणि पाचच मुलांची सोय कर. दिवसा कचेरी आणि सकाळ-संध्याकाळ ती मुले, असे एक वर्ष काढ. भाडे, धान्य, औषधे, पुस्तके यांचा जमाखर्च पैन् पै लिही. त्या पहिल्या वर्षाचे भाडे मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. वर्ष संपल्यावर ते दप्तर घेऊन ताई आणि सूनबाई यांच्यासमोर बस. त्यांनी आनंदाने होकार दिला आणि तुझाही उत्साह तेवढाच टिकला, तर राजीनाम्याचा खर्डा मी स्वतः लिहून देईन. मात्र हे पत्र वाचून संपताच पहिले काम एवढे कर : आजच संध्याकाळी ताईजवळ आणि सूनबाईजवळ बस आणि मला लिहिलेस ते सारे आधी त्यांना सांग.

तुझा,
मामा