चैत्यभूमीला निघण्यापूर्वी: सिकलसेल आणि प्रवास

६ डिसेंबर जवळ आला की हिंगणीसारख्या गावांतून आणि वर्ध्याच्या वस्त्यांतून आपण दादरला निघतो. विहारातल्या बैठकीत गाडी, शिदोरी, पांघरुणे ठरतात. तब्येतीचे सल्लेही दिले जातात. त्यातला एक नेहमीचा: "डब्यात गर्दी असते, संडासपर्यंत जाता येत नाही, पाणी कमी प्या." सिकलसेलच्या रुग्णाला हा सल्ला थेट दवाखान्यात पोचवू शकतो.

विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजातही हा आजार आढळतो. तो आईवडिलांकडून येतो. तो शिवल्याने लागत नाही आणि कुणाच्या पापाचे फळही नाही. रक्तातली निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची १० ते २० दिवसच. शरीरातले पाणी कमी झाले, थंडी बाधली किंवा फार थकवा आला, की या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे, छाती, पोट असह्य दुखते. रात्रभराच्या गर्दीच्या प्रवासात ही तिन्ही कारणे एकत्र येतात.

म्हणून बैठकीत एवढे ठरवू या:

१. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली असावी. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे.

२. रुग्णाला खिडकीच्या गार वाऱ्यात बसवू नये. स्वेटर, कानटोपी, मोजे घालावेत.

३. रोजच्या गोळ्या आणि तपासणीचे कार्ड अंगाजवळच्या पिशवीत ठेवावे.

४. दुखल्या जागी बर्फ लावू नये.

५. ताप, छातीत दुखणे, दम लागणे किंवा हातपाय लुळे पडणे दिसले तर थांबू नये. रेल्वेत १३९ आणि बाहेर १०८ या क्रमांकावर फोन करावा.

कुणाला आजार आहे, हे चारचौघांत विचारू नये. सोयरीक मोडेल या भीतीने अनेक घरे तो लपवतात. सूचना सर्वांनाच द्याव्यात. रुग्णाने मात्र सोबतच्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवावे.

ज्यांची तपासणी झालेली नाही, त्यांनी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. अहवालात 'एएस' म्हणजे वाहक, त्याला सहसा त्रास होत नाही. 'एसएस' म्हणजे रुग्ण, त्याने निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. डॉक्टर नको म्हणाले, तर आपल्या विहारातूनच बाबासाहेबांना अभिवादन करावे. ते तेवढेच मोलाचे आहे.