आखाड्यातील उकरलेली माती

वाचावयाचा भाग : १ करिंथ. ९:२४-२७

पहाटे गावाबाहेरील आखाड्याजवळून जाताना आम्ही काय पाहतो? मुले आधी फावड्याने माती उकरतात, जोर-बैठका काढतात आणि मगच कुस्तीस उभी राहतात. माती उकरली नाही तर ती घट्ट होते व पडणाऱ्यास इजा होते. उकरलेली माती त्यास झेलते.

आमच्या अंतःकरणाचे असेच आहे. नित्य प्रार्थनेने ते मऊ राहिले, तर पाप घडल्यावर पश्चात्ताप करून उठता येते. ते कठीण झाले म्हणजे पडलेला मनुष्य लाजेने पडूनच राहतो, उपासनेसही येत नाही. असे किती बंधू आमच्या मंडळ्यांतून दिसेनासे झाले!

हरल्याने मल्लाचे मल्लपण जात नाही. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत सहावे आले. त्यांनी मेहनत सोडली नाही. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांस कांस्यपदक मिळाले.

करिंथाजवळ दर दोन वर्षांनी इस्थमी सामने भरत. विजयी मल्लास पानांचा मुगूट मिळे. तो सुकून जाई. पौल न सुकणाऱ्या मुगुटाविषयी लिहितो, परंतु स्वतःविषयीचे भयही सांगतो : इतरांस उपदेश करून आपणच अपात्र ठरलो तर? उपदेशक बंधूंनो, हा प्रश्न आम्हांसच आहे.

तर उद्या शेतावर जाण्यापूर्वी प्रार्थनेने आपली माती उकरू या. आणि जो पडला आहे त्याच्या दारी जाऊन त्यास हात देऊ या; आखाड्यात जोडीदारच हात देऊन उठवितो.