नेटवर्क मार्केटिंगमध्ये उतरताय? सही करण्याआधी प्लॅन वकिलाला दाखवा

व्हिडिओमध्ये वेळ कमी पडतो, म्हणून कायद्याचा भाग इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

पुंडलिकनगरला राहा, गारखेड्याला राहा की हडकोला, "एक बिझनेस प्लॅन दाखवायचाय, फक्त अर्धा तास द्या" असं म्हणणारं कोणीतरी प्रत्येकाला भेटलेलं असतं. बहुतेक वेळा तो आपला साडू असतो, शाळेतला मित्र असतो, नाहीतर शेजारच्या वहिनी असतात. म्हणून नाही म्हणणं जड जातं. आपण विचारतो, "पैसे मिळतील का?" कायदा विचारतो, "पैसे कशाचे मिळतील?" सगळा फरक या एका शब्दात आहे.

१. मालाचे पैसे की माणसाचे पैसे?

डायरेक्ट सेलिंग हा भारतात कायदेशीर धंदा आहे. त्यासाठी केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली २८ डिसेंबर २०२१ रोजी स्वतंत्र नियम काढले. कंपनी माल बनवते, विक्रेता तो ग्राहकाला विकतो आणि विक्रीवर कमिशन मिळतं. इथपर्यंत काही अडचण नाही.

अडचण कुठे सुरू होते? नवीन माणूस जोडल्याबद्दल पैसे मिळायला लागले की. याच नियमांत पिरॅमिड योजना आणि डायरेक्ट सेलिंगच्या नावाखाली चालणारी पैसे फिरवण्याची योजना, दोन्हींना साफ बंदी आहे. आणि त्याच्याही आधीपासून १९७८ चा प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) कायदा आहेच.

या कायद्याचं कलम ३ प्रत्येकाने समजून घ्यावं. बंदी फक्त योजना चालवणाऱ्यावर नाही. अशा योजनेत सभासद होणं, तिच्यात भाग घेणं, तिच्यासाठी पैसे घेणं किंवा पाठवणं, हे सगळं त्यात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे "मी तर फक्त मेंबर होतो, कंपनी माझी नाही" हे उत्तर पुरत नाही. तुम्ही वहिनींना जोडलं, त्यांचे पैसे तुमच्या फोनवरून पुढे पाठवले, तर तुमचं नाव त्या साखळीत आलं.

२. साधी परीक्षा

एक काल्पनिक प्लॅन घेऊ. बारा हजारांचं किट. त्यात साबण, टूथपेस्ट, चहा, पावडर. दोन माणसं आणली की चार हजार तुमचे. आता तीन प्रश्न विचारा:

- या महिन्यात एकही नवीन माणूस जोडला नाही, तर मला किती मिळतील?
- कमिशनचं आमिष काढून टाकलं, तर हे किट बारा हजाराला कोण घेईल?
- मेंबर नसलेले, फक्त वापरणारे ग्राहक किती आहेत?

किराणा दुकानदार ८० चा साबण १०० ला विकतो तेव्हा २० रुपये ग्राहकाच्या खिशातून येतात आणि ग्राहकाला साबण मिळतो. वरच्या प्लॅनमध्ये तुमचे चार हजार पुढच्या दोघांच्या किटमधून येतात. ते दोघे आणखी चौघांकडे बघतात. शेवटच्या रांगेतला कोणाकडे बघणार?

गणितच करा. प्रत्येकाने पाच माणसं जोडली तर पाचव्या पायरीवर ३,१२५ माणसं लागतात, आठव्यावर ३,९०,६२५ आणि दहाव्यावर ९७,६५,६२५. २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या ३७ लाख होती. म्हणजे दहाव्या पायरीला आपल्यासारखे अडीच जिल्हेही पुरणार नाहीत. शेवटच्या रांगेतल्या माणसाची मेहनत कमी पडत नाही, माणसंच संपतात.

३. कोर्ट आणि तपास यंत्रणा काय बघतात?

२००७ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयासमोर अॅमवेचा प्लॅन आला होता. माल खरा होता, कंपनी मोठी होती. तरीही कमाई नवीन सभासद जोडण्यावर कशी अवलंबून आहे, हे न्यायालयाने तपासलं आणि १९७८ च्या कायद्याची व्याख्या त्याला लागू होऊ शकते असं म्हटलं. एप्रिल २०२२ मध्ये ईडीने याच कंपनीच्या ७५७ कोटींच्या मालमत्तेवर तात्पुरती टाच आणली. पिरॅमिड पद्धतीने पैसा गोळा केल्याचा ईडीचा आरोप होता. मुंबईत क्यूनेट प्रकरणाचा तपास आर्थिक गुन्हे शाखेने २०१३ पासून केला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काही जणांचा अटकपूर्व जामीन नाकारला.

आरोप वेगळा आणि दोष सिद्ध होणं वेगळं, हे लक्षात ठेवा. पण "कंपनी मोठी आहे, माल चांगला आहे" हा कायदेशीर बचाव नाही, एवढं यातून नक्की कळतं.

आपल्याच जिल्ह्यात बिडकीन-पैठण भागात डीएमआयसीसाठी जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचा मोबदला "तीस-तीस" योजनेत अडकला आणि २०२२ मध्ये पोलिसांत गुन्हा दाखल झाला. ते डायरेक्ट सेलिंग नव्हतं, भरमसाट व्याजाचं आमिष होतं. पण पैसा गेला तो ओळखीच्या विश्वासावरच.

४. "सरकारमान्य कंपनी आहे" म्हणजे काय?

मीटिंगमध्ये एक कागद दाखवतात. तो बहुतेक वेळा कंपनी नोंदणीचा किंवा जीएसटीचा दाखला असतो. कंपनी नोंदली म्हणजे तिचा कमिशन प्लॅन सरकारने तपासला, असा अर्थ होत नाही. नियम पाळतो असं कंपनीने स्वतः दिलेलं घोषणापत्र म्हणजेही मान्यता नाही.

"आमचा प्लॅन अमुक वकिलांनी पास केलाय" हेही तसंच. वकिलाचं मत म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. आणि तो वकील कंपनीचा आहे, तुमचा नाही.

५. तुमचा वकील कसा निवडाल?

डायरेक्ट सेलिंगचं काम जाणणारे वकील दोन प्रकारच्या लोकांना लागतात. एक, स्वतःची कंपनी काढणारे. त्यांना कमिशन प्लॅन, विक्रेत्यांचे करार, तक्रार निवारण अधिकारी, लेबलिंग, खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआय परवाना, हे सगळं बसवून घ्यावं लागतं. दोन, तुमच्यासारखे जोडले जाणारे. त्यांना फक्त करार आणि प्लॅन वाचून घ्यायचा असतो.

बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, आणि "पैसे परत मिळाले तर इतके टक्के" अशी फीही ठरवता येत नाही. तेव्हा चकाचक जाहिरातीवरून निवडू नका. अदालत रोडच्या जिल्हा न्यायालयात ग्राहक आणि आर्थिक गुन्ह्यांची कामं कोण करतं ते विचारा. भेटायला जाताना सोबत न्या: छापील प्लॅन, कराराची प्रत, किटची पावती, व्हॉट्सअॅपवर आलेले कमाईचे दावे. त्यांना विचारा:

- करार लेखी आहे का, आणि तो कंपनीशी आहे की अपलाइनशी?
- कूलिंग-ऑफ, म्हणजे दंड न भरता बाहेर पडायची मुदत, किती दिवस?
- न विकलेला माल कंपनी परत घेते का?
- कमिशन विक्रीवर आहे की जोडणीवर?

आधीच अडकला असाल तर

पहिलं काम, नवीन माणूस जोडणं आजच थांबवा. "माझे निघेपर्यंत दोघांना जोडतो" हा विचार सर्वात महाग पडतो. दुसरं, मेसेज डिलीट करू नका. पावत्या, बँक स्टेटमेंट, स्क्रीनशॉट एका फाइलमध्ये ठेवा. तिसरं, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. फसवणूक मोठी असेल तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लागता मोफत मदत मिळते.

गृहपाठ

तुमच्याकडे आलेला कोणताही एक प्लॅन घ्या. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे मालाच्या विक्रीतून येणारे पैसे लिहा, उजवीकडे माणूस जोडल्याने येणारे. उजवी बाजू जड निघाली तर वकिलाकडे जायचीही गरज नाही, साडूला चहा पाजा आणि नम्रपणे नाही म्हणा. डावी बाजू जड असेल तर कागद घेऊन वकिलाकडे जा, आणि मगच सही करा.