स्त्री-पुरुष समता : काही समजुती व त्यांचा विचार

कापसाची वेचणी सुरू झाली की हजेरीपटावर मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात, हा अनुभव चांदूर बाजार तालुक्यातील शिक्षकांस नवा नाही. आई शेतात जाते. लहान भावंडास सांभाळण्याकरिता घरी कोणी थांबावयाचे, हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारलाच जात नाही. त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नव्हे. बाप मुलीचा द्वेष्टा नसतो, आईही नसते. परंतु ती मुलगी आहे एवढ्याच कारणावरून तिच्या वाट्यास काय यावे हे ठरविणे, यालाच लिंगभेद म्हणतात. आणि असे ठरविणे न्याय्य नाही, ते बदलले पाहिजे, या विचारास स्त्रीवाद हे नाव आहे. शब्द जड वाटला तरी आशय इतकाच आहे.

देहाने स्त्री व पुरुष भिन्न आहेत, हे कोणी नाकारीत नाही. गर्भ स्त्रीच धारण करते. तो निसर्ग होय. पण भाकरी कोणी थापावी, हिशेब कोणी लिहावा, रडू कोणी आवरावे, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. ती रूढीने केली. पहिल्या गोष्टीस लिंग व दुसरीस लिंगभाव म्हणतात. लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक पुरुष आचारी करतो तेव्हा त्याच्या पुरुषत्वास बाध येत नाही. तोच घरी चुलीपुढे बसला तर मात्र लोक हसतात. यावरून रूढीचा तर्क किती कच्चा असतो हे कळून येते. याच तालुक्यातील माधानचे श्रीगुलाबराव महाराज स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. त्यांच्या मधुराभक्तीचा विषय अध्यात्माचा आहे, येथे त्याचा विस्तार अप्रस्तुत होईल. तथापि कन्या होणे हे कमीपणाचे, असे मानणाऱ्याने या सत्पुरुषाचे स्मरण करण्यास हरकत नाही.

हा विचार विलायतेतून आला, आपल्या मातीतला नव्हे, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर वऱ्हाडातच आहे. 1881 मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेस भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे ती कमी झाली. या निमित्ताने काही वृत्तपत्रांनी सरसकट सर्व स्त्रीजातीवर दोषारोप केले. त्या मुलाच्या बापाची चौकशी मात्र कोणी आरंभिली नाही. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लेखणी उचलली. ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे त्यांचे पुस्तक 1882 मध्ये पुण्यास छापले गेले. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा मूळ प्रश्न. पत्नी वारल्यावर पुरुषाने दुसरा विवाह करावा, आणि पती वारल्यावर स्त्रीने मात्र जन्मभर तोंड लपवून राहावे, हा कोठला न्याय, असे त्यांनी रोखठोक विचारले. शाळेत जाण्याची सोय नसलेल्या, घरीच शिकलेल्या स्त्रीने हे लिहिले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुस्तकावर टीका झाली. बाईंनी पुन्हा पुस्तक लिहिले नाही. पुढे जवळजवळ शतकभर ते विस्मृतीत गेले व 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले.

स्त्रीवाद म्हणजे पुरुषांचा द्वेष, ही दुसरी समजूत. ताराबाईंवर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले यांनी 1885 च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. ते पुरुषच होते. आणि 1848 मध्ये सावित्रीबाईंसह पुण्यात मुलींची शाळा काढणारेही तेच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीवर स्वतंत्र अध्याय आहे. शिवाय रूढीचा जाच मुलासही होतो. पडून गुडघा फुटलेल्या मुलास ‘पोरीसारखा काय रडतोस?’ असे म्हटले जाते, तेव्हा एका वाक्यात दोघांचाही अपमान होतो.

‘बाईच बाईची वैरीण’ ही म्हणही या वादात हमखास येते. सासू सुनेस छळते हे पुष्कळदा खरे असते. परंतु जिला आयुष्यभर दुसरा कोणताच अधिकार मिळाला नाही, ती हाती आलेला एकमेव अधिकार गाजविते. दोष तिचा आहेच. पण तिला तेवढीच जागा देणाऱ्या व्यवस्थेचा तो अधिक आहे.

आता कायद्याने सर्व दिले, मग तक्रार कशाची, असेही विचारले जाते. वडिलोपार्जित संपत्तीत मुलीस मुलाइतका हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला. तरीही भावाशी संबंध तुटेल या भयाने हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी गावोगाव आहेत. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या, परंतु कित्येक ठिकाणी सभेत बोलतो तो सरपंचबाईंचा नवरा. कायदा दार उघडतो. आत जाण्याचे धैर्य शाळेने द्यावयाचे असते.

शाळेत याकरिता निराळा तास नको. वर्ग झाडणे व पाणी भरणे मुलींकडे, आणि बाके उचलणे व घंटा वाजविणे मुलांकडे, अशी वाटणी असल्यास ती आठवड्याच्या पाळीने बदलावी. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव लिहिण्याचा नियम झाला आहे. ही मुले शाळेत येतील तेव्हा पालकांच्या शंकांचे निरसन शिक्षकांनाच करावे लागेल.

‘आई काय करते?’ या प्रश्नास ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर फार ऐकू येते. चौथी-पाचवीच्या मुलांस घड्याळाच्या धड्याबरोबर घरातील मोठ्या माणसांच्या पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कामांची नोंद करण्यास सांगावे व तासांची बेरीज त्यांची त्यांनाच करू द्यावी. शिक्षकाने वर भाष्य करू नये, बेरीज पुरेशी असते. सर्वच मुलांचे आईवडील दोघेही हयात नसतात, याचे भान ठेवून या नोंदी वर्गात मोठ्याने वाचू नयेत.

वेचणीच्या दिवसांत भावंडास घेऊन येणाऱ्या मुलीस परत पाठवू नये. लहानगे तीन वर्षांचे झाले असल्यास अंगणवाडीत बसविता येते. त्याहून लहान असल्यास ताईच्या शेजारी सतरंजीवर निजले तरी शिकविण्यात फारसा व्यत्यय येत नाही. पालकांची भेट सायंकाळी, आई व बाप दोघेही घरी असताना घ्यावी, आणि ती वेचणी सुरू होण्यापूर्वीच घ्यावी. एकदा मुलगी महिनाभर मागे पडली की तिलाच शाळेचा संकोच वाटू लागतो, आणि मग घरची माणसे सांगतात की शिकण्याची इच्छा तिलाच नव्हती.