सूर्याचे भडके आणि कुलाब्याची नोंदवही



सूर्यासाठी म्हणावयाची बेराखा, बिर्कत हाहम्मा, अठ्ठावीस वर्षांतून एकदाच येते. आपल्यातील वडीलधाऱ्यांनी ती ८ एप्रिल १९८१ रोजी व पुन्हा ८ एप्रिल २००९ रोजी म्हटली असेल. यापुढे ती ८ एप्रिल २०३७ रोजी येईल. चौथ्या दिवशी देवाने दोन मोठ्या ज्योती निर्माण केल्या, असे आपण बेरेशीथमध्ये वाचतो. त्यामुळे सूर्य म्हणजे सदैव सारखा जळणारा दिवा, अशी आपली समजूत होते. परंतु हा दिवा अधूनमधून भडकतो. ते प्रथम कसे समजले आणि त्यात मुंबई-अलिबागचा वाटा काय, हे आजच्या पाठात पाहू.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे दुर्बिणीतून पडद्यावर पाडलेल्या सूर्यबिंबावरून सौरडागांचे चित्र काढीत होते. एकाएकी डागांच्या समूहावर दोन लखलखीत ठिपके उमटले. साक्षीदार असावा म्हणून ते कोणाला तरी बोलवावयास धावले. मिनिटभरात परत येऊन पाहतात तो तेज ओसरू लागलेले! सुदैवाने रिचर्ड हॉजसन यांनीही तोच भडका दुसऱ्या ठिकाणाहून पाहिला होता.

त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले. तारायंत्रे बिघडली, काही तारमास्तरांना विजेचे झटके बसले, आणि ध्रुवप्रदेशात दिसणारा अरुणप्रकाश क्यूबापर्यंत दिसला. तरीही कॅरिंग्टन यांनी दोन घटनांचा संबंध ठामपणे जोडला नाही. एकदा घडले म्हणून नियम ठरत नाही, हे ते जाणून होते.

आता मुंबईकडे वळू. कुलाब्याच्या वेधशाळेत त्या काळी चुंबकीय उपकरणे डोळ्यांनी वाचून आकडे वहीत लिहीत. वादळ सुरू होताच तेथील माणसांनी नेहमीपेक्षा जलद नोंदी घेतल्या. २००३ मध्ये भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्या नोंदी पुन्हा अभ्यासल्या, तेव्हा चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचे दिसले. पुढे मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार असे ठरले. त्या विजेने उपकरणे बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागेस उभारण्यात आली. ज्या अष्टागरात आपले पूर्वज तेल गाळीत होते, तेथेच आजही पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होते.

भडका का होतो? सौरडाग म्हणजे तीव्र चुंबकत्वाची ठिकाणे, हे जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये दाखविले. तेथील चुंबकीय रेषा पीळ बसत बसत ताणल्या जातात व अखेर तुटून नव्याने जुळतात. साठलेली ऊर्जा त्या क्षणी मोकळी होते. तिचा प्रकाश व क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत आपल्याकडे पोहोचतात. काही वेळा त्यासोबत अब्जावधी टन विद्युत्भारित वायूही फेकला जातो. त्याला पृथ्वीपर्यंत यावयास साधारण एक ते तीन दिवस लागतात. त्याच्या चुंबकत्वाची दिशा पृथ्वीच्या उलट असेल तरच मोठे वादळ होते. ही दिशा तो वायू जवळ आल्यावरच नीट मोजता येते. म्हणून २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले भारताचे आदित्य-एल१ यान पंधरा लाख किलोमीटर पुढे राहून पहारा देते. तेथून सूचना मिळाल्यावर हाती बहुधा अर्धा ते एक तासच उरतो.

तारेही असेच भडकतात. आपल्या सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी १ मे २०१९ रोजी अतिनील प्रकाशात काही सेकंदांत सुमारे चौदा हजार पट उजळला. त्याच्याभोवती ग्रह आहेत. असे भडके सोसून तेथे हवा टिकेल काय, हा मोठा प्रश्न आहे.

सौरवादळ येणार म्हणताच घाबरविणारे निरोप या घरातून त्या घरात फिरू लागतात. वाचकहो, वातावरणाचे पांघरूण असल्याने जमिनीवरील माणसाला त्यापासून थेट इजा होत नाही. धोका उपग्रहांना व वीजवाहिन्यांना असतो. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. असे संकट किती मोठे असू शकते, याचा अंदाज बांधताना अभियंत्यांना कुलाब्याचा तो आकडा आजही उपयोगी पडतो.

तो आकडा लिहिणाऱ्यास त्याचे मोल ठाऊक नव्हते. त्याने फक्त आपली पाळी चुकविली नाही. २०३७ मध्ये मुलानातवंडांसह सूर्याची बेराखा म्हणाल, तेव्हा त्यांना कुलाब्याच्या त्या वहीची गोष्टही जरूर सांगा.