मोहरीतली हळद, कॉफीतली चिकोरी

प्रश्न : व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये रोजच्या खाण्यात सर्रास भेसळ होत असे, असे वाचले. ती ओळखायचे कसे? घरच्या घरी काही करता येत असे का?

उत्तर : काही परीक्षा अगदी सोप्या होत्या. कॉफीची पूड गार पाण्यावर टाकायची. कॉफी तेलकट असल्याने बराच वेळ तरंगते. तिच्यात भेसळ म्हणून घातलेली चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ, लगेच तळाशी जाते आणि पाणी तपकिरी करते. हिरव्यागार लोणच्यात घासूनपुसून स्वच्छ केलेली लोखंडी सुई काही तास बुडवून ठेवायची. तिच्यावर तांबूस थर चढला, तर तो हिरवेपणा तांब्याच्या विषारी क्षारांचा. मोहरीच्या पुडीत गव्हाचे पीठ मिसळत आणि फिका पडलेला रंग हळदीने सावरत. मोहरीत स्टार्च जवळजवळ नसतो, म्हणून आयोडीनने पूड निळी झाली की पिठाची चोरी उघडी पडे. हळद अल्कलीने तांबडी होते. हळद-चुन्याचे कुंकू होते ते याच गुणामुळे.

पण अशा परीक्षेने शंका आली, तरी भाजून दळलेल्या कॉफीत चिकोरी आहे, हे खात्रीने सिद्ध करणे अवघड होते. १८५० मध्ये अर्थमंत्री चार्ल्स वुड यांनी नामवंत रसायनतज्ज्ञांच्या हवाल्याने पार्लमेंटात सांगितले की, ही भेसळ ओळखता येत नाही. डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी तीच पूड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. वनस्पतीच्या पेशींची ठेवण भाजल्या-दळल्यावरही पुष्कळशी टिकते. कॉफीच्या आणि चिकोरीच्या पेशी वेगळ्या दिसतात, गहू-बटाट्याच्या स्टार्चचे कणही वेगळे दिसतात. रसायनाने जे साधले नाही, ते नजरेने साधले.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाचे संपादक थॉमस वॅकली यांनी १८५१ पासून हॅसल यांच्याकडून पदार्थ तपासून घेतले आणि निष्कर्ष दुकानदारांच्या नावापत्त्यांसह छापले. शुद्ध माल विकणाऱ्यांचीही नावे दिली. कॉफीच्या ३४ नमुन्यांपैकी फक्त ३ शुद्ध निघाले. पावाच्या ४९ नमुन्यांत, म्हणजे सगळ्यांत, तुरटी होती. तिने हलक्या पिठाचा पावही पांढराशुभ्र दिसे.

१८५५ मध्ये संसदीय चौकशी बसली. १८५८ मध्ये ब्रॅडफर्डला खाऊच्या गोळ्या स्वस्तात पाडण्यासाठी साखरेत मिसळायच्या पांढऱ्या भुकटीऐवजी चुकून आर्सेनिक गेले. सुमारे २० जण दगावले. भेसळीविरुद्धचा १८६० चा पहिला सर्वसाधारण कायदा लेचापेचा होता, कारण सरकारी विश्लेषक नेमणे स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोडले होते. १८७२ आणि १८७५ च्या कायद्यांनी त्याला बळ दिले.

तेव्हा घरच्या परीक्षेचा उपयोग होता, पण तेवढ्याने एक गिऱ्हाईक एका दुकानापुरते सावध होई. पाव आणि चहावर गुजराण करणाऱ्या मजुराकडे ना आयोडीन होते, ना दुसरे दुकान परवडण्याची ऐपत. त्याचे ताट सुरक्षित व्हायला तपासणी सार्वजनिक व्हावी लागली, निकाल नावानिशी छापावे लागले आणि त्यामागे कायदा उभा राहावा लागला. आपणही घरी मसाला जरूर तपासावा. पण शंका आली तर अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. त्याने शेजाऱ्याचेही ताट राखले जाते.